ओएलईडी पॅनेलचा पिक्सेल आणि वायरिंग लेआउट पहिल्यांदा करताय? आधी वायर, मग ट्रान्झिस्टर

ओएलईडी पॅनेलच्या लेआउटचं काम पहिल्यांदा हातात आलं की जवळपास सगळे एकच करतात, सरळ पिक्सेल सर्किट उघडतात आणि सात ट्रान्झिस्टर एवढ्याशा जागेत कसे बसवायचे हे कोडं सोडवत बसतात. ते सुटतंही, पण मग लक्षात येतं की पॉवरच्या वायरला जागाच उरलेली नाही किंवा ॲनोडच्या (ओएलईडीच्या खालच्या इलेक्ट्रोडच्या) खाली सगळा उंचसखल प्रकार झालाय, आणि अख्खा पिक्सेल परत काढायला लागतो. मी हे काम शिकत होतो तेव्हा प्रत्येक लेयरची माहिती मिळत होती पण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे कोणी सांगत नव्हतं, म्हणून हा लेख क्रमाने लिहितोय. माझं मत स्पष्ट आहे: पिक्सेलची रचना करंट, वायर आणि मास्क (रंगांचे थर ठरलेल्या जागीच पडावेत म्हणून लावायची भोकांची जाळी) या तिघांनी ठरते, ट्रान्झिस्टर उरलेल्या जागेत बसतात.

उदाहरण म्हणून पूर्ण लेखात एकच पॅनेल धरतो, फोनच्या साइजचं, १०८० × २४०० पिक्सेल, पिच (शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर) ६० मायक्रॉन, म्हणजे साधारण ४२३ पीपीआय आणि चालू एरिया (चित्र दिसणारा भाग) ६४.८ × १४४ मिलिमीटर. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या प्रोसेसचे आकडे टाकून परत करा.

१. आधी हे कागद गोळा करा

यातलं एखादं नसेल तर लेआउट सुरूच करू नका, खरंच.

- पॅनेलचा स्पेक: साइज, रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, नॉर्मल आणि पीक ब्राइटनेस, चारी बाजूंची बॉर्डर किती
- डिझाइन रूल मॅन्युअल, आणि त्याची शेवटची आवृत्ती (तारीख बघा, जुनी पीडीएफ सगळीकडे फिरत असते)
- लेयर स्टॅकचा तक्ता: प्रत्येक लेयरची जाडी, शीट रेझिस्टन्स (त्या थराच्या एका चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स), इन्सुलेटरचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट
- टीएफटीची (पॅनेलवरच्या पातळ थराच्या ट्रान्झिस्टरची) मॉडेल फाइल, त्यात कॉर्नरसुद्धा (प्रोसेसच्या टोकाच्या केसेस) हवेत
- इव्हॅपोरेशनच्या मेटल मास्कचे रूल: दोन रंगांमध्ये कमीत कमी अंतर किती
- ओएलईडी डिव्हाइसचा डेटा: प्रत्येक रंगाची करंट एफिशियन्सी आणि करंट-व्होल्टेज कर्व्ह
- ड्रायव्हर आयसीचं डेटाशीट, पॅडच्या क्रमासकट

टूलचं म्हणाल तर शिकायला केलेआउट पुरेसं आहे, फुकट आहे, जीडीएस (लेआउटची फाइल) उघडतं, आणि डीआरसी (डिझाइन रूलची तपासणी) आणि एलव्हीएसची (लेआउट सर्किटशी जुळतो का याची तपासणी) स्क्रिप्ट त्यातच लिहिता येते. कंपनीत एम्पायरियन, सिल्वाको किंवा केडन्सचं काहीतरी मिळेल. सिम्युलेशनसाठी एनजीस्पाइसवर हात बसवता येतो, पण पॉलिसिलिकॉन टीएफटीचं आरपीआय मॉडेल, जे एचस्पाइसमध्ये लेव्हल ६२ म्हणून येतं, ते तुमच्या टूलमध्ये आहे का हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. साध्या मॉसफेटचं मॉडेल लावून काढलेला लीकेज करंट इथे कामाचा नाही.

२. लेयर पाठ करा

एलटीपीएस (कमी तापमानाला बनवलेलं पॉलिसिलिकॉन) पॅनेलमध्ये खालून वर असं येतं: बफर, पॉलिसिलिकॉन, गेट इन्सुलेटर, पहिला गेट मेटल, परत इन्सुलेटर, दुसरा गेट मेटल जो मुख्यतः कॅपॅसिटरची वरची प्लेट म्हणून वापरतात, मग इंटरलेयर, पहिला सोर्स-ड्रेन मेटल, ऑर्गॅनिक प्लॅनरायझेशन, दुसरा सोर्स-ड्रेन मेटल, परत प्लॅनरायझेशन, ॲनोड, पिक्सेल डिफाइन लेयर (यातली ओपनिंग म्हणजे उजेड देणारा भाग), त्यावर स्पेसर, ओएलईडीचे थर, पातळ कॅथोड आणि सगळ्यात वर एन्कॅप्सुलेशन.

यात लक्षात ठेवायची मोठी गोष्ट म्हणजे गेट मेटल बहुतेक ठिकाणी मॉलिब्डेनम असतं आणि सोर्स-ड्रेन टायटॅनियम-ॲल्युमिनियम-टायटॅनियम. २५० नॅनोमीटर मॉलिब्डेनमचा शीट रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास आणि ६०० नॅनोमीटर ॲल्युमिनियमचा ०.०६ च्या आसपास, म्हणजे आठपट फरक. ज्या वायरमधून करंट सतत वाहतो ती गेट मेटलमध्ये ठेवायचीच नाही.

३. करंटचा हिशोब, पाच मिनिटांचं काम

आपल्या पॅनेलचा एरिया ०.००९३ चौरस मीटर. फुल व्हाइटला ५०० निट (कॅन्डेला प्रति चौरस मीटर) हवेत आणि व्हाइटची एफिशियन्सी पोलरायझर धरून १५ कॅन्डेला प्रति अँपिअर आहे असं समजू. मग एकूण ४.६७ कॅन्डेला, भागिले १५, म्हणजे ०.३१ अँपिअर. पिक्सेल २५ लाख ९२ हजार, त्यामुळे एका पिक्सेलला १२० नॅनोअँपिअर, आणि एका पिक्सेलमागे दोन सबपिक्सेल (एकेका रंगाचे ठिपके) असतील तर सरासरी ६० नॅनोअँपिअर.

हा ६० चा आकडा फळ्यावर लिहून ठेवा. ड्राइव्ह टीएफटीची (ओएलईडीचा करंट ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टरची) लांबी, कॅपॅसिटर, वायरची रुंदी, सगळं यावरून निघतं. रंगानुसार तो बदलेल, निळ्याची एफिशियन्सी कमी म्हणून त्याला जास्त लागेल, पण पहिल्या फेरीला सरासरी चालते.

४. व्हीडीडीची वायर, हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

व्हीडीडी म्हणजे पिक्सेलला करंट देणारा प्लस सप्लाय. आता समजा प्रत्येक पिक्सेल कॉलमला ४ मायक्रॉन रुंद एक उभी व्हीडीडी लाइन दिली, आणि फीड फक्त खालून. लांबी १४४ मिलिमीटर, म्हणजे ३६,००० स्क्वेअर, गुणिले ०.०६, म्हणजे २१६० ओहम. कॉलमचा करंट २४०० × १२० नॅनोअँपिअर म्हणजे २८८ मायक्रोअँपिअर. करंट वाटेत प्रत्येक पिक्सेलला वाटला जातो म्हणून टोकाचा ड्रॉप पूर्ण गुणाकाराच्या निम्मा धरायचा, तो येतो ०.३१ व्होल्ट. खालच्या मजल्यावरचे नळ जोरात आणि टाकीपासून लांब असलेल्या शेवटच्या नळाला बारीक धार, तसंच हे.

०.३१ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं. पण ड्राइव्ह टीएफटीचा ओव्हरड्राइव्ह (गेटचं व्होल्टेज थ्रेशोल्डच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायच्या व्होल्टेजच्या, जेवढं पुढे आहे ते) जर १ व्होल्ट असेल तर करंट वर्गाच्या प्रमाणात जातो, ०.६९ चा वर्ग ०.४८, म्हणजे वरच्या टोकाला पॅनेल निम्म्याहून कमी उजेडाचं. प्रत्यक्षात करंट घटला की ड्रॉपही थोडा घटतो त्यामुळे इतकं वाईट होत नाही, तरी डोळ्याला सरळ दिसेल एवढं नक्की होतं.

इथे नवीन लोक ज्यात हमखास अडकतात तो भाग: "आपल्या सर्किटमध्ये कॉम्पेन्सेशन आहे ना, मग झालं." नाही झालं. नेहमीचं ७टी१सी (सात ट्रान्झिस्टर, एक कॅपॅसिटर) सर्किट थ्रेशोल्ड व्होल्टेजचा फरक काढून टाकतं, पण त्याच्या करंटच्या सूत्रात व्हीडीडी वजा डेटा हे तसंच राहतं. म्हणजे व्हीडीडी पडला की उजेडही कमी झालाच. थ्रेशोल्डचं कॉम्पेन्सेशन आणि वायरच्या ड्रॉपचं कॉम्पेन्सेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय असे आहेत. वरून आणि खालून दोन्हीकडून फीड दिला तर सगळ्यात जास्त ड्रॉप मध्यावर येतो आणि तो एक चतुर्थांश होतो, आपल्या उदाहरणात ०.०७८ व्होल्ट. दुसऱ्या सोर्स-ड्रेन मेटलमध्ये समांतर लाइन टाकून रेझिस्टन्स निम्मा केला तर ०.०३९, आणि उजेडाचा फरक आठ टक्क्यांच्या आत येतो, जो पुढे ड्रायव्हरच्या करेक्शनने सांभाळता येतो. फोनच्या पॅनेलला वरून फीड द्यायचा म्हणजे बाजूच्या बॉर्डरमधून रुंद बस वर न्यायला लागते आणि बॉर्डर तर कोणालाच नको असते, म्हणून हा मुद्दा पहिल्याच मीटिंगमध्ये टेबलावर ठेवा, नंतर जागा मिळत नाही.

आणखी एक. आडव्या पट्ट्या टाकून जाळी केली की ड्रॉप सुटला असं वाटतं. फुल व्हाइटला शेजारशेजारचे सगळे कॉलम सारखेच पडलेले असतात, त्यांना आडवं जोडून काही वाहतच नाही. आडव्या जोडण्या उपयोगी पडतात त्या पॅटर्नला, म्हणजे काळ्या बॅकग्राउंडवर पांढरा चौकोन असेल तर आजूबाजूच्या रिकाम्या कॉलमांतून करंट घेता येतो आणि चौकोनाच्या वर-खाली पट्टा दिसत नाही. म्हणून जाळी करा, नक्की करा, पण उभ्या ड्रॉपचं औषध म्हणून मोजू नका.

५. सबपिक्सेलची मांडणी: इथे मास्क सांगेल ते ऐकायचं

तीन रंगांचे उभे पट्टे शेजारी ठेवायचे ही सगळ्यांची पहिली कल्पना. ६० मायक्रॉनला तीनने भागा, एका रंगाला २० मायक्रॉन. आता मास्कवाल्यांनी जर सांगितलं की दोन वेगळ्या रंगांच्या ओपनिंगमध्ये २० मायक्रॉन हवेत, कारण मास्क सरकतो, त्याची सावली पडते, तर उजेड द्यायला उरलं शून्य. चर्चा इथेच संपते.

म्हणूनच पेनटाइल आणि डायमंड मांडणी आली. हिरवा प्रत्येक पिक्सेलला, लाल आणि निळा एकाआड एक, म्हणजे पिक्सेलमागे तीन नाही तर दोन सबपिक्सेल. २०१० च्या गॅलेक्सी एसमध्ये पेनटाइल होतं आणि २०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये ४४१ पीपीआयला डायमंड. हिरव्याची संख्या पूर्ण ठेवायचं कारण म्हणजे बारीक तपशील आपल्याला मुख्यतः हिरव्यातून कळतो. डायमंडमध्ये कडा तिरप्या असल्यामुळे दोन रंगांमधलं अंतर सांभाळून ओपनिंग मोठी ठेवता येते.

निळ्याला सगळ्यात मोठी ओपनिंग द्या. निळं मटेरियल लवकर थकतं, आणि एरिया दुप्पट केला की करंट डेन्सिटी निम्मी होऊन आयुष्य दुपटीपेक्षा जास्त वाढतं. ओपनिंगचा प्रत्येक मायक्रॉन म्हणजे आयुष्य आहे, म्हणून "थोडी लहान केली तर चालेल" असं कोणी म्हटलं तर किती लहान आणि आयुष्य किती कमी हे आकड्यात मागा.

मोठ्या टीव्ही पॅनेलला हा प्रश्न नसतो जिथे पांढरा ओएलईडी सगळीकडे सरसकट टाकून वर कलर फिल्टर लावतात, तिथे बारीक मास्कच लागत नाही, चार सबपिक्सेल आरामात बसतात. तुमचं पॅनेल त्या प्रकारचं असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

६. सर्किट निवडा

दोन ट्रान्झिस्टर एक कॅपॅसिटर हे पुस्तकातलं सर्किट. एक स्विच, एक ड्राइव्ह, डेटा कॅपॅसिटरवर साठवायचा. समजून घ्यायला उत्तम, पण एलटीपीएसमध्ये लेझरने क्रिस्टल केलेल्या सिलिकॉनचे ग्रेन सगळीकडे सारखे नसतात, प्रत्येक टीएफटीचा थ्रेशोल्ड थोडा वेगळा, आणि त्याचे डाग स्क्रीनवर दिसतात, त्यालाच मुरा म्हणतात. म्हणून फोनमध्ये ७टी१सी. त्याचं काम तीन टप्प्यांत: आधी ड्राइव्हचं गेट इनिशियल व्होल्टेजला ओढायचं, मग ड्राइव्ह टीएफटीला डायोडसारखा जोडून डेटा वजा थ्रेशोल्ड गेटवर साठवायचं, मग एमिशनचे दोन स्विच चालू करून करंट ओएलईडीत सोडायचा. सातवा ट्रान्झिस्टर ॲनोड रीसेट करतो, नाहीतर काळा रंग नीट काळा होत नाही.

टीव्हीच्या ऑक्साइड (सिलिकॉनऐवजी मेटल ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर असलेल्या) पॅनेलमध्ये बहुतेक ३टी१सी असतं, एक सेन्सिंग लाइन बाहेर काढतात आणि करेक्शन बाहेरच्या चिपमध्ये होतं. आणि रिफ्रेश रेट फार खाली न्यायचा असेल तर एलटीपीओ, म्हणजे ड्राइव्ह पॉलिसिलिकॉनचा आणि गळती नको असलेले स्विच ऑक्साइडचे, २०१८ च्या ॲपल वॉच सिरीज ४ मध्ये हेच आलं. पहिल्या प्रोजेक्टला सर्किट स्वतः शोधायला जाऊ नका, टीममध्ये जे चालतंय ते घ्या. मात्र नवीन सर्किटांवर पेटंट भरपूर असतात, प्रॉडक्टला जाणार असेल तर ते तपासून घ्यायला सांगा.

७. आता पिक्सेल भरा

भरायचा क्रम मी असा ठेवतो: आधी व्हीडीडी आणि डेटाच्या उभ्या लाइन, मग स्कॅन, एमिशन आणि इनिशियलच्या आडव्या लाइन, मग ड्राइव्ह टीएफटी, मग कॅपॅसिटर, आणि मग बाकीचे सहा स्विच. स्विच लहान असतात, सिलिकॉनची पट्टी जिथे स्कॅन लाइन ओलांडते तिथे आपोआप ट्रान्झिस्टर होतो, त्यामुळे लाइन नीट ठरल्या की स्विचची जागा जवळपास ठरलेलीच असते.

ड्राइव्ह टीएफटी लांब करा. ६० नॅनोअँपिअर हा फार छोटा करंट आहे, चॅनेल आखूड ठेवलं तर ओव्हरड्राइव्ह अगदी कमी लागतो आणि मग प्रत्येक ग्रे लेव्हलमध्ये ड्रायव्हरला इतक्या बारीक व्होल्टेजचा फरक द्यावा लागतो की तो देऊच शकत नाही. मोबिलिटी ८० आणि गेट इन्सुलेटर १२० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड धरला तर १ व्होल्ट ओव्हरड्राइव्हला रुंदी अडीच मायक्रॉन आणि लांबी ४५-५० मायक्रॉन येते. सरळ बसत नाही म्हणून चॅनेल नागमोडी वळवतात, आणि त्याच्यावरच कॅपॅसिटर ठेवतात म्हणजे जागा वाचते.

कॅपॅसिटर ६० फेम्टोफॅरड हवा असेल आणि मध्ये १२० नॅनोमीटर सिलिकॉन नायट्राइड असेल तर सुमारे ११६ चौरस मायक्रॉन लागतात. तो किती हवा हे गळतीवरून ठरवा: ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंद, तेवढ्यात गेट ०.१ व्होल्टपेक्षा जास्त सरकू नये असं म्हटलं तर एकूण गळती ०.३६ पिकोअँपिअरच्या आत हवी. १० मिलिव्होल्ट म्हटलं तर त्याच्या दहावा भाग. म्हणूनच गेट नोडला (ड्राइव्ह टीएफटीचं गेट जिथे जोडलंय ती जागा) लागलेले दोन स्विच ड्युअल गेट (एकापुढे एक दोन गेट) करतात. त्यात एक छुपी भानगड आहे, दोन गेटच्या मधला सिलिकॉनचा तुकडा तरंगता राहतो, स्कॅन लाइन बंद होताना तो वर ढकलला जातो आणि मग हळूहळू त्यातून गेट नोडमध्ये गळती होते. त्या तुकड्यावर व्हीडीडीशी जोडलेली छोटी प्लेट ठेवली की तो बऱ्यापैकी शांत बसतो.

आणि आता गेट नोड. अख्ख्या पिक्सेलमध्ये सगळ्यात नाजूक जागा हीच. शेजारून डेटा लाइन जातेय, ती दुसऱ्या ओळींसाठी सतत वर-खाली होतेय. समजा डेटा लाइन आणि गेट नोडमध्ये नुसता अर्धा फेम्टोफॅरड कपलिंग राहिलं आणि डेटा ४ व्होल्ट हलला, तर ६० फेम्टोफॅरडच्या कॅपॅसिटरवर ३३ मिलिव्होल्टचा धक्का बसतो, १ व्होल्ट ओव्हरड्राइव्हला करंटमध्ये साडेसहा टक्क्यांचा फरक. ही क्रॉसटॉकची उभी रेघ प्रत्येकाला दिसते. म्हणून गेट नोडला जोडणारी मेटलची पट्टी आखूड ठेवा, डेटापासून लांब ठेवा आणि मध्ये व्हीडीडी उभा करा. स्वतःच्या डाव्या डेटा लाइनकडे लक्ष जातं, पण उजवीकडे शेजारच्या पिक्सेलची डेटा लाइन असते तीसुद्धा तेवढीच त्रासदायक असते.

जागा वाचवायला शेजारचे दोन पिक्सेल आरशासारखे उलटे ठेवून मध्ये एक व्हीडीडी वाटून घेतात. चांगली युक्ती आहे, पण लेयर छापायचा मास्क थोडा सरकला की एका कॉलमचा कॅपॅसिटर वाढतो आणि शेजारचा कमी होतो, आणि सम-विषम कॉलमची रेघ दिसते. उलटे ठेवायचे असतील तर कॅपॅसिटरची एक प्लेट दुसरीपेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी ठेवा, म्हणजे सरकलं तरी ओव्हरलॅप तेवढाच.

८. ॲनोडच्या खाली सपाट हवं

सर्किट चालतंय, उजेड सारखा आहे, आणि तरी पॅनेल डावीकडून बघितलं तर लालसर आणि उजवीकडून निळसर दिसतं. मॉडेलमध्ये काहीच सापडत नाही. कारण बहुधा ॲनोडच्या खाली असतं. वरून उजेड देणाऱ्या ओएलईडीत थरांची जाडी रंगाप्रमाणे अगदी मोजून ठरवलेली असते, ॲनोड एका बाजूला जरा जरी कलला तर उजेड तिरका जातो. ऑर्गॅनिक प्लॅनरायझेशन सगळं सपाट करतं असं मानू नका, खालच्या मेटलचा उंचवटा थोडा वर येतोच.

तर ओपनिंगच्या खाली दुसऱ्या सोर्स-ड्रेन मेटलच्या लाइन मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. एकच लाइन जात असेल तर ती बरोबर मधून न्या, नाहीतर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रुंदीची डमी पट्टी टाका आणि ती व्हीडीडीला जोडा. ॲनोडचं कॉन्टॅक्ट होल ओपनिंगच्या बाहेर, डिफाइन लेयरच्या खाली दडलेलं हवं. तिन्ही रंगांना ही तपासणी वेगवेगळी करा कारण प्रत्येकाच्या खालून वेगळ्या लाइन जातात. मला विचाराल तर ॲनोडचा नकाशा दुसऱ्या सोर्स-ड्रेन मेटलच्या आधी पक्का करावा, उलट नाही.

९. स्कॅन, डेटा आणि फॅनआउट

स्कॅन लाइन मॉलिब्डेनमची, ३ मायक्रॉन रुंद, ६४.८ मिलिमीटर लांब, म्हणजे सुमारे १०.८ किलोओहम. प्रत्येक सबपिक्सेलचा लोड १५ फेम्टोफॅरड धरला तर २१६० चे मिळून ३२ पिकोफॅरड. एका बाजूने ड्राइव्ह केली तर टोकाला चढायला ०.३ मायक्रोसेकंद, दोन्ही बाजूंनी केली तर त्याच्या पाव. १२० हर्ट्झला एका ओळीला मिळतात जेमतेम ३.५ मायक्रोसेकंद, आणि त्यातच थ्रेशोल्ड सॅम्पल व्हायला हवा, जो कमी ग्रेला हळू होतो. ६० हर्ट्झला झकास दिसणारं पॅनेल १२० ला डागाळलं तर पहिला संशय इथे घ्या.

फॅनआउट म्हणजे आयसीपासून चालू एरियापर्यंत पसरणाऱ्या लाइन. मधल्या लाइन आखूड, कडेच्या लांब. आखूड लाइन नागमोडी करून रेझिस्टन्स जवळ आणा. जागेसाठी एकाआड एक लाइन पहिल्या आणि दुसऱ्या गेट मेटलमध्ये टाकतात, तेव्हा दोन्हींचा शीट रेझिस्टन्स सारखा आहे का हे तक्त्यात बघा, नसेल तर एकाची रुंदी बदला. हे राहिलं तर सम-विषम रेघा परत येतात, आणि लोक दोष पिक्सेलमध्ये शोधत बसतात.

१०. बॉर्डर

थोडक्यात सांगतो. पॅनेलभोवती व्हीएसएसची (कॅथोडकडच्या मायनस सप्लायची) रिंग आणि तिथे कॅथोडचा कॉन्टॅक्ट भरपूर रुंद हवा, नाहीतर तिथेच गरम होतं. गेट ड्रायव्हर सर्किटचे बफर ट्रान्झिस्टर मोठे असतात, त्यांची जागा आधी धरा. चालू एरियाच्या कडेला डमी पिक्सेलच्या एक-दोन ओळी टाका म्हणजे कडेच्या खऱ्या पिक्सेलचं एचिंग मधल्यांसारखं होतं.

ऑर्गॅनिक प्लॅनरायझेशन आणि डिफाइन लेयर काचेच्या कडेपर्यंत सलग नेऊ नका. ऑर्गॅनिक थरातून ओलावा आत सरकतो आणि कडेपासून पिक्सेल काळे पडत जातात. पूर्ण भोवताली चर ठेवून तो थर तोडा आणि बाहेर धरण म्हणजे डॅमच्या रेषा ठेवा. चर जिथे ओलांडतात तिथे सोर्स-ड्रेन मेटलची कड उघडी राहत असेल तर ती झाका, ॲनोडच्या एचिंगमध्ये मधलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. प्रत्येक पॅडला ईएसडीचं (स्टॅटिक विजेच्या झटक्यापासून) संरक्षण द्या.

११. पाठवायच्या आधी

डीआरसी एका पिक्सेलवर चालवून पास झाला म्हणून थांबू नका, ३ × ३ चा ॲरे करून चालवा, कारण खऱ्या चुका दोन सेलच्या सीमेवर असतात. कपलिंगचं एक्स्ट्रॅक्शनही ३ × ३ मधल्या मधल्या पिक्सेलवर करा. आपल्या पॅनेलमध्ये ५१ लाख ८४ हजार सबपिक्सेल आहेत, सगळे सपाट करून फाइल बनवू नका, ॲरे रेफरन्स ठेवा, नाहीतर फाइल उघडायलाच दिवस जाईल.

लांब गेट लाइन प्लाझ्मा एचिंगमध्ये चार्ज गोळा करतात आणि पातळ इन्सुलेटर फुटतो, म्हणून ॲन्टेनाचा रूल चालवा, गरज असेल तिथे लाइन तोडून वरच्या मेटलने जोडा. एलव्हीएस पूर्ण पॅनेलवर एकदा तरी झालाच पाहिजे, विशेषतः आयसीच्या पॅडचा क्रम, कारण पॅनेल उलटं धरून बसवतात तेव्हा डावं-उजवं बदलतं. प्रत्येक मास्कचा टोन, म्हणजे काढलेला आकार राहणार की जाणार, हे लेयरवार लेखी कन्फर्म करून घ्या. कॉन्टॅक्ट होल आणि ऑर्गॅनिक लेयरला इथे गोंधळ होतो.

१२. काचेच्या रिकाम्या जागेत टेस्ट पॅटर्न

दोन पॅनेलच्या मधल्या पट्टीत टेस्टचे नमुने ठेवा आणि ते शेवटच्या दिवशी घाईत काढू नका. माझी यादी: ड्राइव्हसारखाच एक सुटा टीएफटी ज्याचे तिन्ही टोक पॅडवर आहेत, एक ड्युअल गेट स्विच गळती मोजायला, प्रत्येक मेटलची लांब नागमोडी रेझिस्टन्ससाठी, प्रत्येक प्रकारच्या कॉन्टॅक्टची साखळी, शंभर कॅपॅसिटर समांतर जोडलेला एक ब्लॉक कारण एकटा ६० फेम्टोफॅरड मोजता येत नाही, आणि एक पूर्ण पिक्सेल सर्किट ज्याचा ॲनोड थेट पॅडवर काढलाय. पॅनेल पेटलं आणि वरचं टोक मंद दिसलं तर आधी या नागमोडीवर शीट रेझिस्टन्स मोजा, तो तक्त्याशी जुळला तर चूक चौथ्या टप्प्यातल्या हिशोबात आहे, आणि जुळला नाही तर मेटल पातळ पडलंय हे प्रोसेसवाल्यांना आकड्यासकट दाखवता येतं.